हिंमतरावाचा उस्ताद

मुरुमचा खाजामियाँ लग्नांत सनई वाजवायचा आणि त्याचा लेक आयुब सूर धरायचा. तामलवाडीकडच्या हिंमतराव जमीनदाराच्या वरातीत म्हातारा दम घ्यायला जरा थांबला. नवरदेवानं घोड्यावरून उतरून लाथ घातली. सनई दुभंगली. म्हाताऱ्यानं पुन्हा सनई हातात धरली नाही, आणि दोन पावसाळ्यांत तो गेला.

आयुब सिकंदराबादला एका नाचघरात फोनोवर तबकड्या लावायला लागला. गोऱ्या सोजिरांचं बघून बघून टँगो नावाचा साहेबी जोडीनाच शिकला. जर्मनची लढाई सरत आली, तसा तो गावी परतला. ही बातमी हिंमतरावाला लागली. हैदराबादचे बडे पाहुणे यायचे होते. त्यांच्यापुढं त्याला साहेबी नाच करून दाखवायचा होता. बोलावणं आलं, आयुब गेला. मनात एकच होतं, ह्याचं चारचौघांत हसं करायचं.

या नाचात पुरुष पुढं चालतो, बाई मागं सरकते. हिंमतरावानं फोनो विकत आणला, पण शिकवणीला बाई कुठली? आयुबच बाई झाला. वैऱ्याच्या छातीला छाती लावून उलट्या पावलांनी चालताना त्याचं तोंड कडू व्हायचं. सूर जिथं रेंगाळतो तिथं पाऊल अडवायचं, हे इंगित त्यानं मुद्दाम सांगितलं नाही. नुसतं मोजत चाला, थांबू नका, एवढंच शिकवलं. हिंमतराव मोटेच्या बैलासारखा ये-जा करत राहिला.

एका संध्याकाळी फोनो वाजत असताना तो मधेच थबकला. आयुब धडपडला.

"इथं बाजा दम घेतोय," हिंमतराव हरखून म्हणाला. "ऐकलंस का?"

आयुबच्या अंगाचा भडका उडाला.

पाहुण्यांपुढं हिंमतराव एका पारशी बाईबरोबर नाचला आणि झकास नाचला. टाळ्या पडल्या. खुशीत येऊन त्यानं आयुबला पुढं ओढलं, हा माझा उस्ताद म्हणून त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला. आयुबनं फेटा काढून खुर्चीवर ठेवला.

"सरकार, बाजानं दम घेतलेला तुमाला कळला. तुमच्या वरातीत माझ्या बापानं दम घेतला, तवा तुमी त्याच्या सनईला लाथ घातली. ह्याच पायानं."

"कधी?" हिंमतरावानं विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

मग आयुबनं बापाचं नाव घेऊन सगळं सांगितलं, सावकाश, एकेका पाहुण्याकडं बघत. पारशी बाई हिंमतरावापासून दूर जाऊन बसली. गड्यांनी आयुबला ढकलत वेशीबाहेर काढलं.

पुढं हिंमतरावाचा माणूस मुरुमला माफीचा निरोप घेऊन आला. आयुबनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. जाता जाता तो माणूस म्हणाला, मालकांनी नाच सोडला, फोनोसुद्धा विकून टाकला.

त्या दिवशी आयुबनं बायकोकडं, शरिफाबीकडं आणखी एक भाकर मागून घेतली.