डोळ्यांसमोरची टिक

ऑफिसात तिला सगळे टिकटिकताई म्हणत. तोंडावरसुद्धा. घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणाऱ्या त्या कंपनीत फोन घेणारी ती एकटीच. दिवसभर पेशंटच्या घरून फोन यायचे आणि नाव उद्याच्या यादीत चढायचं. संध्याकाळी गोदामातून "माल आहे" असा निरोप आला, की कॉम्प्युटरवर प्रत्येक नावापुढच्या चौकटीत माऊसने टिक करायची. टिक असेल तेच नाव सकाळी ड्रायव्हरच्या कागदावर छापून यायचं. टिक नाही, तर गाडी नाही.

काम एवढंसंच. पण वर्षानुवर्षं एकाच बोटाने केलं की मनगट बंड करतं. तिचं मनगट असं सुजलं होतं की सकाळी वेणीसुद्धा नवरा घालून द्यायचा.

"हलू नकोस गं. तिसरा पेड कुठे गेला?"

"तुझ्याच हातात आहे. फिटर ना तू? पाइप जोडतोस आणि तीन पेड जुळत नाहीत?"

"पाइप मान हलवत नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला आराम नाही तर ऑपरेशन. साहेब म्हणाले, "आराम घ्या की. कायमचाच घ्या. खुर्चीला माणसं मिळतात."

मग तिनेच डोकं चालवलं. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघत, चुकत, अडखळत एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. कॉम्प्युटरला ओळीओळीने सांगितलं: पहिल्या नावापाशी जा, चौकटीवर क्लिक कर, खाली उतर, पुन्हा क्लिक कर, नावं संपली की थांब. पहिल्यांदा बटण दाबलं आणि माऊसचा बाण आपला आपण टकाटका खाली उतरायला लागला, तेव्हा ती खुर्चीत मागे रेलली आणि दुखरा हात मांडीवर घेऊन नुसती बघत राहिली. दारात ड्रायव्हरकाका उभे होते.

"भूत शिरलं की काय मशीनमध्ये?"

"शिरलंय. कामाला लावलंय त्याला."

"माझ्या गाडीसाठीही बघ एखादं. जिने चढणारं."

हळूहळू सूज उतरली. वेणी ती स्वतः घालू लागली. आणि अशातच एका सकाळी आजींचा फोन आला. आजींचे यजमान, सगळे त्यांना मास्तर म्हणत, दोन वर्षं ऑक्सिजनवर होते.

"बाळ, उद्या गाडी नक्की ना? यांचा मोठा सिलिंडर आज संपतोय. मग छोटा लावेन, पण तो उद्या दुपारच्या पुढे जायचा नाही."

"येईल आजी. संध्याकाळी टिक करते."

"संध्याकाळी नको गं, आत्ताच कर. मला हल्ली काही आठवत नाही. परवा दूध तापत ठेवलं आणि शेजारी जाऊन गप्पा मारत बसले. मुलगा म्हणतो, आई, तुझ्यावर काही सोडण्यात अर्थ नाही."

हात आज हलका होता. तिने तिथल्या तिथे टिक केली.

"केली आजी. माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता निर्धास्त राहा."

संध्याकाळी निरोप आला, तिने बटण दाबलं, पर्स उचलली आणि घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाका आत आले ते चहा न घेताच बसले.

"मास्तर गेले."

"कसे?"

"सिलिंडरच नव्हता. माझ्या कागदावर नाव नव्हतं गं त्यांचं. म्हातारी म्हणे दुपारपर्यंत खिडकीत बसून होती. गाडी निघालीय, गाडी निघालीय, हेच चाललेलं. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं."

"पण आजींनी फोन केला होता!"

"साहेबांनी मुलाला सांगितलं, टिक नाही म्हणजे फोन नाही. झालं. तो घरात सारखा तिला बोलतो, मागच्या वेळचा फोन तुझ्या डोक्यात राहिला म्हणतो. आता तिलाही तसंच वाटायला लागलंय. येईल त्याला सांगते, मीच घालवलं यांना."

काका गेल्यावर तिने यादीत एक खोटं नाव घातलं. हाताने टिक केली. मग बटण दाबलं. बाण आला, त्या चौकटीवर क्लिक झालं आणि तिच्या देखत टिक पुसली गेली. रिकाम्या चौकटीवर क्लिक केलं की ती भरते, भरलेलीवर केलं की रिकामी होते. आधी बघ आणि मग क्लिक कर, हे तिने सांगितलंच नव्हतं. इतके दिवस सगळ्या चौकटी रिकाम्याच असायच्या. भरलेली होती ती एकट्या आजींची.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लावलं.

"यातलं बाहेर कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग विषय संपला."

"साहेब, ती बाई स्वतःला खुनी समजतेय."

"आणि तुम्ही सांगितलंत तर तुम्हाला समजतील. मास्तर काही उठून बसायचे नाहीत. वर नोकरी जाईल ती वेगळीच. असा हात घेऊन गेलात तर दुसरीकडे कोण उभं करणार आहे?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते अंगाला चिकटलं. दोन दिवस ती फोन घेत राहिली, टिक हाताने करत राहिली, मनगट पुन्हा फुगत गेलं. तिसऱ्या दिवशी काका रिकामे सिलिंडर गोळा करायला निघाले, तेव्हा ती गाडीत त्यांच्या शेजारी जाऊन बसली. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

दार मुलाने उघडलं. आत आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पलंगावर नुसती गादी होती, चादर नव्हती.

"आजी, मी. फोनवरची."

"ये बाळ. माझं चुकलं बघ, तुला फोनच केला नाही मी."

"केला होता, आजी. मीच घेतला. टिकही केली होती. मग संध्याकाळी माझ्या स्क्रिप्टने ती पुसली. मी लिहिली होती ती. मला कळलं नाही."

"काय म्हणालात?" मुलगा पुढे आला.

आजींनी हात वर करून त्याला थांबवलं. "म्हणजे मी केला होता?"

"हो."

"ऐकलंस?" त्या मुलाकडे वळल्या. आवाज केवढा मोठा झाला! "ऐकलंस ना? केला होता मी!"

मुलाने मान खाली घातली. आजींचा चेहरा क्षणभर उजळून राहिला आणि मग हळूहळू त्यावरचं सगळं ओसरत गेलं.

"मग मी दुपारपर्यंत वाट का बघत बसले, बाळ? तू म्हणालीस ना, टिक डोळ्यांसमोर आहे?"



"हे तुमच्या साहेबांसमोर बोलाल?" मुलाने विचारलं.

"बोलेन."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल."

आजींचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत.