लख्ख स्क्रीन

संगणकाची स्क्रीन घासलेल्या ताटासारखी लख्ख असावी, असं माझं ठाम मत आहे. एक जरी खिडकी उघडी दिसली तरी माझा जीव कासावीस होतो. आमची सुरेखा मात्र पंधरा खिडक्या एकावर एक रचते, प्रत्येकीचा काठ तेवढा बाहेर. कपाटातल्या साड्याच जणू! "काठ दिसला की मला कळतं," म्हणते.

त्या रविवारी तिचा पहिला ऑनलाइन मिसळ वर्ग होता. तीस बायका, त्यांत नांदगावहून माझ्या सासूबाई. (लेकीकडून मिसळ शिकणार म्हणे!) गोंगाट नको म्हणून सुरेखानं सगळ्यांचे आवाज बंद करून टाकले होते.

मी 'मॉर्निंग वॉक'हून आलो, शर्ट काढला आणि बनियनवर जेवणाच्या टेबलाशी बसलो. समोर लॅपटॉप, त्यावर तोच तो पसारा! सुरेखा कुठे दिसेना, आत मिक्सर गरगरत होता. वर्ग अजून सुरू व्हायचाय, असं समजून मी एका फटक्यात सगळ्या खिडक्या खाली ढकलल्या. दिसत नाही म्हणजे बंद, हा माझा साधा हिशेब!

मग निवांत मित्राला फोन लावला.

"दिल्या, उद्या लवकर ये रे! आज दुसऱ्या प्लेटला तर्रीच संपली... डॉक्टर? त्यानं तेल बंद केलंय, मिसळ कुठे केलीय! हिला वाटतं मी गोदाकाठी चालतो. रोज विचारते, वजन का उतरत नाही!... छे रे, हिच्या मिसळीत काय दम? फरसाण घातलेली पथ्याची आमटी!"

मिक्सर थांबला. तर्रीचं पातेलं घेऊन सुरेखा बाहेर आली, तोच तिचा मोबाइल वाजला.

"हां आई... कोण बनियनवर बसलंय?... कसली दुसरी प्लेट?"

सुरेखानं पातेलं ठेवलं, एक बटण दाबलं आणि वर्गाची खिडकी टुणकन वर आली. तीस बायका आवाजाविना गदागदा हसत होत्या! सासूबाई एका हातात फोन धरून दुसऱ्या हातातल्या पदरानं डोळे पुसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुरेखाचा वर्ग आता जोरात चालतो. (बायका आधी "भाऊजी कुठेत?" विचारतात.) आणि रोज सकाळी तिच्या पंधरा खिडक्यांच्या वर कोपऱ्यात माझीही एक असते. चालताना मला व्हिडिओ कॉल चालू ठेवावा लागतो!

"अगं, तेवढी एक खिडकी तरी बंद कर," मी परवा काकुळतीला आलो.

"करते की," ती म्हणाली, "आधी तुमचं पोट तिच्यात मावू दे!"