काजमावशींची बोटं

आमच्या दुकानातल्या शर्टांची काजं काजमावशी हातानं करायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकट्याच राहायच्या. सोमवारी शर्ट न्यायच्या, गुरुवारी आणून द्यायच्या. मी शिंपी, स्वभावानं तिखट. कौतुक करायची मला सवय नाही. पण त्यांचं काज उलट्या बाजूनंही सुलटच वाटायचं.

एका गुरुवारी पांढऱ्या शर्टांवर रक्ताचे ठिपके निघाले. एक नाही, दोन नाही, सहा शर्टांवर. माझं डोकं सटकलं.

"मावशी, झोपेत काम करता का? गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

"रक्त? कुणाचं?"

मी त्यांचा हात उजेडात धरला. डाव्या हाताच्या बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून सोलली होती. मी टाचणी टेकवली, तर त्यांना पत्ताच नाही.

"वर्षभर मुंग्या येत होत्या. आता कापडच हाताला लागत नाही. चालताना तोलही जातो. वय झालं, मास्तर." मग आवाज खाली आला. "पण काम काढून घेऊ नका. ते गेलं तर मी कुणाकडे जाऊ?"

शर्ट तसेच टाकून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "जेवता काय?"

मावशी ओशाळल्या. "चहा-टोस्ट. एकटीसाठी काय रांधायचं?"

ॲसिडिटीची गोळी दहा वर्षं रोज चालू आहे, हेही तेव्हाच बाहेर आलं. रक्त तपासलं, तर बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं.

"हे वय नव्हे," बाई म्हणाल्या. "दूध, दही, अंडी, मासे यांतून ते मिळतं. तुम्ही त्यातलं काही खात नाही, आणि या गोळीमुळे थोडंफार मिळालेलंही अंगी लागत नाही. म्हणून नसा बधिर झाल्यात."

आधी दिवसाआड इंजेक्शनं, मग महिन्याला एक. बोटांना वेळ लागेल, कदाचित सगळं परत येणारही नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

पहिले दोन आठवडे मी विचारपूस केली. मग कामाचा रेटा आला. काजं बाहेरून करून घेतली, ती भिकार निघाली. तिसऱ्या महिन्यात मी काजाचं मशीन घेतलं. मावशींना कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं.

पाचव्या महिन्यात त्या आल्या. चेहऱ्यावर तरतरी होती. पिशवीतून कापडाची पट्टी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. बारा काजं, एकासारखं एक.

"रोज अंडं खाते, मास्तर. स्वतःसाठी शिजवते. आता द्या काम."

मागे माझा भाऊ मशीनखाली शर्टामागून शर्ट सरकवत होता. मावशींनी तिकडे पाहिलं. जाऊन एक शर्ट उचलला, काजावरून बोट फिरवलं.

"बरं करतंय की."

"कोटाची काजं तुम्हालाच देईन," मी घाईघाईनं म्हणालो. कोट आम्ही वर्षाला चार शिवतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांनी पट्टीची घडी करून ती पिशवीत ठेवली. "बाई म्हणाल्या, वेळेत लक्षात आलं म्हणून हात वाचले. मी म्हटलं, माझ्या हातांकडे बघणारं एक माणूस आहे ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गेल्यावर मी भावाला मशीन बंद करायला सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा चालू करायला सांगितलं.