सिमलेकरीण, मागून बघ

लग्नानंतरचा माझा पहिला उन्हाळा. घरात नवाकोरा फ्रिज आलेला, आणि मला वाटलं, खोलीचं सिमला करायला याच्याइतकं सोपं काय! दार सताड उघडं टाकलं, समोर पाट मांडला, खालच्या कप्प्यात दोन्ही पाय ठेवले आणि फणसाच्या आठळ्या सोलत बसले. बी.ए. झालेली बाई हो मी! संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा खोलीची भट्टी झालेली आणि मी घामाने निथळतेय. यांनी हाताला धरून मला फ्रिजच्या मागे नेलं. तिथून नुसत्या गरम वाफा.

"पुढून देतो तेवढं हा मागून काढून घेतो," म्हणाले. "काही बिघडलं की आधी मागून बघायचं, सिमलेकरीणबाई!"

झालं. आमचं आडनाव सावंत, पण घरात तिसरं कोणी नसलं की मी सिमलेकरीण. आमच्या समीरलासुद्धा हे नाव माहीत नाही. असली नावं मुलांना सांगायची नसतात, मग आईचा धाक राहत नाही.

आता भुताखेतांचं म्हणाल, तर इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमधलं एकमेव भूत मीच होते. लाईट गेली की पांढरी चादर पांघरून जिन्यात उभी राहायचे. एकदा पटेलबेनच्या हातातली ढोकळ्याची ताटली माझ्या चादरीवर आली होती... तेव्हा या विषयात मला कोणी शिकवू नये.

हे गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. मे महिन्यात आमचा मजला ओस पडतो. समोरचे गावाला, शेजारच्या फ्लॅटला कुलूप. दिवसभरात माझ्याशी बोलणारी एकच बाई — लिफ्टमधली. तीही 'कृपया दरवाज़ा बंद करें' एवढंच म्हणते.

एप्रिलमध्ये मला उकाड्याने चक्कर आली आणि समीरने पुण्याहून पोर्टेबल एसी पाठवला. चाकांवरचा, मागे हत्तीच्या सोंडेएवढा पाईप, तो खिडकीत अडकवायचा. (बाहेर काही टांगायला आमच्या सोसायटीची मनाई आहे.) सोबत अटही आली — "आई, हे मशीन नीट चालवता आलं तर राहा तिथे. नाहीतर सरळ इकडे यायचं, फ्लॅट भाड्याने देऊ. मी रविवारी येतोय बघायला."

पुण्याला माझी खोली तयार आहे. सूनही गुणाची आहे. पण तिथे हे कधी राहिलेलेच नाहीत.

आणि नेमकं शुक्रवारी दुपारी मशीन थंड हवा देईना. घरघर चालू, हवा कोमट. जाळी काढून धुतली. खालचं पाणी काढलं. बंद केलं, चालू केलं. गणपतीला हात जोडले. काही नाही! शेवटी कस्टमर केअरला फोन लावला आणि मराठीसाठीचं बटण दाबलं.

"नमस्कार, मी रुपाली. मॅडम, काय प्रॉब्लेम येतोय?"

"मॅडम नको, आजी म्हण. मशीन आवाज करतंय, काम करत नाहीये. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं."

ती फिसकन हसली. मग एकेक विचारत गेली — मोड कूलवर आहे ना, जाळी धुतली का, पाईप खिडकीत बसलाय का. "बसलाय गं, इथून दिसतोय मला," मी म्हटलं.

"मग टेक्निशियन पाठवावा लागेल, आजी. पण तो सोमवारनंतरच मिळेल."

सोमवारनंतर म्हणजे माझी बॅग भरलेली! तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, एक विचारू? इथे नाव सावंत दिसतंय. मग सिमलेकर कोण?"

"काय म्हणालीस?"

"ते मागे आजोबा म्हणतायत ना — सिमलेकरीण, मागून बघ, मागून बघ. त्यांना काहीतरी सापडलंय बहुतेक. बघून घ्या ना, मी थांबते."

टीव्ही बंद होता. दार बंद होतं. मी मान वळवली. यांची खुर्ची, तिच्यावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. बाकी कोणी नाही. मला तर मशीनच्या घरघरीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

फोन टेबलावर ठेवला आणि मशीन भिंतीपासून ओढलं. पाईपचं खिडकीकडचं टोक जागेवर होतं, पण मशीनकडचं टोक निसटून पडद्यामागे लोंबत होतं. सगळी गरम हवा खोलीतच! म्हातारी झाले तरी गाढवपणा तोच, फक्त फ्रिजच्या जागी एसी. पाईप दाबून बसवला आणि जरा वेळाने गार झुळूक आली. मी मात्र आधीच गार पडले होते.

रविवारी समीर आला, त्या हवेत मस्त घोरला. "आई, जमलं की तुला!" म्हणाला आणि एकटाच परत गेला. त्याला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्याच पावली मला घेऊन जाईल. म्हणून तुम्हाला सांगतेय.

क्रॉस कनेक्शन म्हणाल तर ते नाव दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण मला टोचतंय ते वेगळंच. जन्मभर ज्यांच्याशी भांडले त्यांचा आवाज एका परक्या पोरीला ऐकू यावा, आणि मला नाही?

हल्ली दुपारी थोडा वेळ मी एसी, पंखा, सगळं बंद करून नुसती बसते. उकडतं. उकडू दे... घर शांत तरी होतं. हे खूळ रुपालीने डोक्यात घातलं. मशीन नीट चालतंय का विचारायला तिचा पुन्हा फोन आला होता. मी म्हटलं, "बाळा, खरं सांग, त्या दिवशी तू नक्की काय ऐकलंस?" ती म्हणाली,

"आजी, रागावू नका हं... मला वाटलं तुमचं दोघांचं भांडण झालंय. मी फोन उचलल्यापासून आजोबा तुम्हाला सारखी हाक मारत होते, आणि तुम्ही त्यांना ओ देतच नव्हता."