फिशआयमधला तिसरा ताड

मी स्वभावाने भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला, एका रसायनांच्या कारखान्यात मी वीस वर्षं नमुने तपासतोय. बाटलीवरचं लेबल मी तीनदा वाचतो. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते बघतो आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन बघतो. असल्या माणसाला फिशआय लेन्सचा नाद लागावा, याचं माझ्या बायकोला अजून नवल वाटतं.

लेन्स मिळाली ती बोईसरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून. त्याच्या दुकानात मी कॅमेऱ्याची बॅटरी घ्यायला गेलो होतो. काउंटरवर ही पडली होती, पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली. मी हातात घेऊन बघत बसलो तसा तो म्हणाला, "ले जाओ साहब. शादी में इससे किसी का पेट बड़ा दिख जाता है, फिर झगड़ा होता है."

पहिल्या आठवड्यात मी वेड्यासारखे फोटो काढले. नेहमीच्या लेन्समधून बघताना आपण जगाचा एक तुकडा उचलतो. यात डावीकडचं, उजवीकडचं, डोक्यावरचं सगळं एकदम आत येतं. माझे स्वतःचे बूट फोटोत यायचे, माझी सावली यायची, एकदा तर लेन्स धरलेली बोटंच आली. पुढची वस्तू मोठी दिसायला हवी तर अगदी वीतभर अंतरावर जावं लागतं. मी लोकांच्या इतकं जवळ कधी जात नाही, पण होडीच्या नाळेजवळ, तिच्या पुढच्या टोकाशी गेलो, बोईसरच्या बाजारात कलिंगडांच्या ढिगात कॅमेरा खुपसला, रिकाम्या एसटीत ड्रायव्हरमागे उभा राहून मागच्या बाकांपर्यंत सगळं टिपलं. मधून जाणारी रेघ सरळ राहते आणि कडेची वाकते, हे कळल्यावर तर मी विजेचे खांब मुद्दाम कडेला घेऊन वाकवत बसायचो. लॅबमध्ये दिवसभर एकही आकडा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, आणि रविवारी हे.

फक्त घिवलीच्या किनाऱ्यावर मी ती कधी काढली नाही. तिथे अणुवीजकेंद्राच्या बाजूचे फोटो काढायचे नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. साध्या लेन्सने माणूस पाठ फिरवून उभा राहू शकतो. या लेन्सला पाठ अशी नसतेच जवळपास. म्हणून मी फोटो काढायला दातिवऱ्याला जायचो, आईबाबांकडे. बोईसरहून पालघर, मग केळवे, एडवण करत मोटरसायकलवर दीड तास.

त्या मे महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळीच पोचलो. बाबा निघायच्या तयारीत होते. "देवळाची मीटिंग हाय," म्हणाले. मी चहा घेतला आणि किनाऱ्यावर गेलो. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या खाली वाळूवर आडवा झालो. वर बोंबलांच्या रांगा, त्यांच्यामधून आभाळ, एका बाजूला समुद्र. पंधरा-वीस फोटो काढले. अंगभर वास आणि केसांत वाळू घेऊन जेवायला घरी आलो. बाबाही आले होते. मीटिंगला कोण कोण होतं विचारलं तर "नेहमीचेच" म्हणाले आणि भातात कालवण ओढून घेतलं.

सोमवारी ड्यूटीवरून आल्यावर मी फोटो संगणकावर लावले. एक फारच छान आला होता. बोंबील थेट आभाळातून लटकल्यासारखे दिसत होते. मी कडा बघू लागलो, कारण या लेन्समध्ये कडेला काहीबाही शिरलेलं असतं. डाव्या कोपऱ्यात आमच्या वाडीच्या कुंपणाचे सात ताड आले होते, सगळे आत वाकलेले. समुद्राकडून तिसऱ्या ताडावर, झापांच्या खाली, एक ठिपका होता.

फोटो मोठा केला. पांढरं बनियन. डोक्याला गुंडाळलेला पंचा. एक पाय खोडाला लावलेला आणि डावा पाय सैल सोडलेला. ताडावर असा डावा पाय सोडून विसावा घेणारा माणूस मी लहानपणापासून एकच पाहिलाय.

बाबांच्या छातीत दोन वर्षांपूर्वी दोन स्टेंट घातले होते. त्यांचं वय एकाहत्तर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना चढताना सुद्धा मध्ये थांबायचं. ताडावर चढायचं नाही म्हणून मी त्यांना दवाखान्यातच आईची शपथ घातली होती.

मी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, बराच वेळ बघत राहिली.

"तेच आहेत," ती म्हणाली.

मी मोबाईल उचलला तसा तिने माझा हात धरला. "आत्ता नको. आणि फोनवर तर नकोच. उद्या तू फोन करशील आणि ते नेमके वर असतील. खिशात फोन वाजला तर?"

हे तिने म्हणायला नको होतं. त्यानंतर मला घरी फोनच करता येईना. रोज सकाळी लॅबमध्ये गेल्यावर आईला फोन करायची माझी सवय होती. आता नंबर काढायचो आणि बाबांच्या चड्डीचा खिसा, त्यात वाजणारा फोन, तो बंद करायला सुटलेला हात असं सगळं दिसायचं. आईला केला तर ती घाबरून त्यांना हाक मारेल. नाही केला तर काय झालंय ते कळणार नाही.

कामातही चित्त लागेना. नमुन्यात थेंब थेंब द्रावण सोडून फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. माझा थेंब पुढे जायचा आणि फ्लास्क गडद गुलाबी व्हायचा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "क्या हुआ भाई, आज तीसरी बार बिगाड़ दिया." मी डोळ्यांना बरं नाही असं सांगितलं.

संध्याकाळी मी मागच्या दोन उन्हाळ्यांचे सगळे फोटो उघडून बसलो. होड्या, जाळी, भरतीचं पाणी. मध्ये काय आहे ते बघतच नव्हतो. फक्त कडा. आणखी दोन फोटोंत ताड आले होते. एका फोटोत ताडावर कोणी नव्हतं. दुसऱ्यात होतं. म्हणजे हे एकदाच घडलेलं नव्हतं. तो जुना फोटो काढला त्या दिवशी मी किनाऱ्यावर कसा खुशीत होतो ते मला आठवत होतं. होडीचा फोटो चांगला आला म्हणून बाबांना दाखवलाही होता, आणि त्यांनी "बरा हाय" म्हटलं होतं.

गुरुवारी मी रजा टाकली आणि न सांगता निघालो. एडवण गेल्यावर रस्त्यात एक अँब्युलन्स समोरून आली. मी मोटरसायकल कडेला घेऊन थांबलो. ती रिकामी होती की भरलेली, काही दिसलं नाही. तिथून घरापर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही.

घराला नुसती कडी होती. आत कोणी नव्हतं. चुलीवर आमटी झाकलेली होती. मी मागच्या दाराने वाडीत गेलो आणि वर बघितलं.

बाबा तिसऱ्या ताडावर होते.

हाक माझ्या तोंडात आली होती. तेवढ्यात खालून कोणीतरी हात हलवला. ताडाच्या बुंध्यापाशी, सावलीत, आई बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या आणि बाबांचा शर्ट. तिने ओठांवर बोट ठेवलं. मी तिच्यापाशी गेलो.

"हाक मारू नको," ती कुजबुजली. "तुजा बापूस दचकंल."

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. वरून ताडगोळ्यांचा एक घड दोरीला बांधून हळूहळू खाली आला. आईने उठून तो सोडवला आणि दोरीला दोनदा हिसका दिला. दोरी वर गेली. हे दोघांचं किती सरावाचं होतं ते मी बघत होतो. वारा सुटला होता. झापांचा खडखडाट होत होता. कोयत्याचे घाव ऐकू यायचे तोवर बरं वाटायचं. ते थांबले की मी वर बघायचो.

मग बाबा उतरू लागले. पायांतला दोरीचा फास खाली सरकवायचा, मग हात खाली घ्यायचे. अर्ध्यावर आले आणि थांबले. कपाळ खोडाला टेकलं. हलेनात.

"आई," मी म्हणालो.

"थांबतो तो तिथं. दर वेळी थांबतो."

"कधीपासून?"

"ते आपरेशन झाल्यापासून."

मी मनात आकडे मोजायला लागलो. चाळीस झाले. साठ झाले. आई तांब्या हातात घेऊन उभी राहिली होती आणि तिचे ओठ हलत होते, म्हणजे तीही मोजत होती किंवा देवाचं काही म्हणत होती. ऐंशीच्या पुढे बाबांचा एक पाय हलला.

जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी आधी पाणी घेतलं, मग मला पाहिलं.

"सुट्टी हाय काय तुला?"

मी ठरवून आलेलं सगळं एकदम बोललो. दवाखाना, स्टेंट, आईची शपथ, सगळं. आवाज चढला होता माझा. बाबांनी शर्ट घालून बटणं लावेपर्यंत ऐकून घेतलं.

"शपथ तू घातलीस," ते म्हणाले. "मी कुठं घेतली? मी नुसती मान हलवली. नाकात नळी होती माज्या."

"आणि आई, तू? तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस? फोनवर रडला असतास," आई म्हणाली. "मी नाय म्हटलं तर तो मला न सांगता चढंल. आता चढायचं असलं की सांगतो. मी खाली बसते. तेवढं तरी हाय."

"खाली बसून काय होतं? पडले तर झेलणार आहेस?"

मला त्या वाक्याची आजही लाज वाटते.

मी मोबाईलमधला फोटो काढून बाबांपुढे धरला. त्यांनी तो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला. "हा मी?" त्यांना हसू आलं. मग कपाळाला आठ्या पडल्या. "ताड असा वाकडा कसा केलास? असल्या वाकड्या झाडावर कोण चढंल? बघणारा म्हणंल, म्हाताऱ्याला अक्कल नाय."

"लेन्स तशी आहे, बाबा."

"मंग दुसरी घे."

आईने फोन घेतला आणि बोटाने बुंध्याजवळ दाखवलं. "ही मी हाय बघ." तिथे वांग्याच्या रंगाचा एक बारीक डाग होता. तिची साडी. मी चार दिवस तो फोटो बघत होतो, पण वरच बघत होतो.

त्या दिवशी भांडण मिटलं नाही. एवढंच ठरलं की बाबा माझ्यासोबत पालघरला डॉक्टरांकडे येतील. पुढच्या आठवड्यात आले. तिथे त्यांना पट्ट्यावर चालायला लावलं. तो पट्टा हळूहळू जोरात फिरतो आणि चढ होत जातो. मी काचेबाहेर उभा होतो. बाबांनी सुरुवातीला माझ्याकडे बघून मान उडवली, म्हणजे हे काय आहे! थोड्या वेळाने त्यांनी समोरचा दांडा घट्ट धरला. मग थांबवा म्हणून त्यांनीच हात वर केला. परतीच्या वाटेवर ते मोटरसायकलवर मागे बसले होते. केळव्याला म्हणाले, "त्या मशीनवर मधी थांबायला देत नाय."

त्या मोसमात ते पुन्हा चढले नाहीत. पुढच्या वर्षी ताड त्यांनी एडवणच्या एका माणसाला दिले. त्याला कोणता घड आधी काढायचा ते खालून ओरडून सांगतात. तो त्यांचं ऐकत नाही.

माझी लेन्स चालूच आहे. गेल्या महिन्यात विहिरीत कॅमेरा सोडून वरचं गोल आभाळ घेतलं, बायकोने सुद्धा तो फोटो भिंतीवर लावू दिला.

डॉक्टरांनी बाबांना चालायला सांगितलंय. म्हणून ते आता रोज वाळूवरून शेजारच्या कोरे गावाच्या दिशेने लांबवर जातात, एकटेच. आईचे गुडघे दुखतात, तिला वाळूत चालवत नाही. फोन ते घरी ठेवून जातात, खारी हवा लागून बिघडतो म्हणून. ओहोटीला जातो आणि भरतीच्या आधी येतो, असं त्यांनी मला सांगून ठेवलंय. मी लॅबच्या भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहून लावल्यात. त्या बघून आईला फोन करतो.

"आले काय?"

"दिसतोय लांबून," ती म्हणते. "येतोय."