पांढऱ्यावरचं पांढरं

आसेगावच्या फाट्यावर जीप आली तेव्हा मायनं माझ्या पिशवीत दशम्या कोंबल्या अन् म्हणाली, "पोचली का फोटो धाडजो." मी सातवीत शाळा सोडलेली, नवऱ्यासंगं गुजरातेत मोरबीच्या बेसिन कारखान्यात निघालेली. लिहिण्यापेक्षा फोटो सोपा.

इथं सगळंच पांढरं. भट्टीतून निघालेली बेसिनं, पापण्यांवरची भुकटी, दोरीवर वाळणारे हातमोजे. माझं काम चेकिंगचं. पांढऱ्यावरची पांढरी चीर शोधायची, पेन्सिलनं गोल करायचा. आधी मला काहीच दिसायचं नाही. सुपरवायझरनं बेसिन उजेडात तिरपं धरायला शिकवलं. त्या माणसाचे उपकार आहेत. मग चहाच्या सुट्टीत मी तसेच फोटो काढू लागले. कपाची कड, भिंतीवरचा चुना, टाकीवरचा बगळा. दादाच्या मोबाईलवर धाडायची. माय स्पीकरवर म्हणायची, "लय झ्याक वं." दरवेळी तेवढंच. बरं वाटायचं, अन् जीवाला खुटखुटही लागायची. आधी तर ती दहा गोष्टी विचारायची.

दिवाळीनंतर दादानं कपाशीतला फोटो धाडला. मायच्या ओटीत वेचलेला कापूस. मोठा करून पाहिला, तर त्यात वाळल्या पानांचा चुरा. माझ्या मायच्या कापसात! लहानपणी माझ्या ओटीत एक पान सापडलं तरी चापट बसायची: "कापूस वेचून राह्यली का कचरा?" मी फोटो खाली सरकवला, तिचा चेहरा आला. उजव्या बुबुळावर दुधाळ ठिपका.

लगेच फोन लावला. "माय, तुले दिसते का नाही?"

"दिसते ना. तुह्या बेसिनाएवढं असलं तं चांगलं दिसते."

"हासू नको. सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय? तू काम टाकून पळत आली असती. अन् आंधळीले वेचाले कोण बोलावते?"

शुक्रवारी कारंज्याला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. सुपरवायझरनं एका शब्दात सुट्टी दिली, "जाओ बेन, बेसिन कहीं भागते नहीं." तिकीट काढलं, तरी मन थाऱ्यावर नाही. आज दोन चिरा नजरेतून सुटल्या.

डॉक्टर म्हणतात, तोवर धुळीत जायचं नाही. म्हणून दादाला मोबाईलवर बोलून धाडते आहे: दादा, तू म्हणतो ती ओसरीत बसून राह्यते. नाही बसत रे. तू ढोरं सोडाले गेला का ती मागच्या दारानं निघते अन् कुंपणाजवळची कपाशीची ओळ धरते. इतक्या दूर बसून मला तिची चाल कळते. घर म्हणून माझ्यापाशी आता एवढंच आहे. आज मागच्या दाराले कडी लाव.