विचारून वापरलेली वाट

आमच्या समोरच्या मिस्त्रीचं घर बाटलीसारखं आहे. रस्त्याकडचं दार अरुंद, आत पाऊल टाकलं की लगेच जिना आणि भिंतीचा कोपरा, आणि सगळ्यात मागे ऐसपैस कारखाना. पुढच्या दारातून माणूस जातो, पण कपाट बाहेर येत नाही. म्हणून मिस्त्रीचं लाकूड पिढीजात शेजारच्या अंगणातून, कुंपणाच्या कडेकडेनं मागच्या दाराशी जात असे आणि त्याचं फर्निचर होऊन तिथूनच परत येत असे. कागदावर ही वाट शेजाऱ्यांची होती. तिच्यावरचं गवत मात्र मिस्त्रीच्या घराण्याच्या पायांनी मारलं होतं.

मिस्त्रीच्या वडिलांचा एक दंडक होता. दुसऱ्याच्या जमिनीवर पाय टाकण्याआधी तोंड उघडायचं. वडील गेले, पण मिस्त्रीनं दंडक सोडला नाही. हातात फळी असो की नुसता जेवणाचा डबा, तो फाटकाशी थांबायचा आणि हाक द्यायचा, "वहिनी, जाऊ का?"

शेजारच्या वहिनी आतून म्हणायच्या, "जा की! रोज काय विचारता? वाट काय पळून चाललीय?"

"वाट नाही पळत वहिनी, रीत पळते."

उत्तर मिळाल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे. एकदा वहिनी आंघोळीला गेल्या होत्या आणि फाटकाशी हमाल डोक्यावर दुरुस्तीला आलेलं कपाट घेऊन उभे होते. मिस्त्री हलेना. हमालांनी त्याचा उद्धार केला, शेवटी कपाट रस्त्यात टेकवून विड्या ओढल्या. केस पुसत वहिनी बाहेर आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, तुम्ही माणूस आहात की पोस्टाची पेटी?" गल्लीत हसू झालं. मिस्त्रीची बायको तर म्हणे, "हे लग्नातसुद्धा बोहल्यावर चढू का, म्हणून विचारत होते."

मग वहिनी वारल्या. त्यांच्या मुलाला चाळिशी उलटली तरी सगळे बाळच म्हणतात. बाळला अंगणात भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. विटा येऊन पडल्या त्या दिवशी मिस्त्री सागवानी फळी खांद्यावर घेऊन फाटकाशी आला.

"बाळ, जाऊ का?"

"नाही," बाळ म्हणाला.

मिस्त्रीला वाटलं, चेष्टा आहे. तो हसला. बाळ हसला नाही. मिस्त्रीनं फळी खाली ठेवली आणि घरी गेला. बाळला ढकलून आत जाणं त्याला सहज जमलं असतं. त्याचे हात बाळच्या मांडीएवढे होते. बघता बघता वाटेवरची भिंत छातीएवढी झाली.

मिस्त्री कोर्टात गेला. वकिलानं धीर दिला होता, "दुसऱ्याच्या जागेतून माणूस वर्षानुवर्षं उघडपणे, अखंड आणि स्वतःचा हक्क समजून ये-जा करत असेल, तर ती वाट बंद करता येत नाही. साक्षीला अख्खी गल्ली आहे. केस लोण्यासारखी आहे." रोजच्या हाकेबद्दल मिस्त्री त्याला काही बोलला नव्हता. आपण श्वास घेतो हे कोणी वकिलाला मुद्दाम सांगतं का?

उलटतपासणीत बाळचा वकील फार गोड बोलला.

"मिस्त्री, तुमच्यासारखा सज्जन शेजारी मिळायला भाग्य लागतं म्हणतात. तुम्ही म्हणे न विचारता कधी अंगणात पाऊल टाकलं नाही?"

मिस्त्रीची छाती फुगली. "कधीच नाही साहेब. रोज विचारायचो. वहिनी हो म्हणाल्यावरच जायचो."

"आणि नाही म्हणाल्या असत्या तर?"

"तर परत फिरलो असतो! दुसऱ्याची जागा ती. असं घुसायला आम्ही काय चोर आहोत?"

मिस्त्रीच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. बाळचा वकील म्हणाला, "धन्यवाद, बसा." मी मागच्या बाकावर होतो. मिस्त्री समाधानानं खाली उतरला आणि मला खुणेनं विचारलं, कसं झालं?

निकाल उघडच होता. परवानगीनं वापरलेली वाट ही मालकाची मेहेरबानी, तिचा हक्क होत नाही. शिवाय मिस्त्रीला जाण्यायेण्यासाठी स्वतःचं दार आहे. हाच माणूस रोज मुकाट्यानं, कोणाला न जुमानता घुसला असता, तर आज वाट त्याची असती. कोर्टाच्या पायरीवर बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या वडिलांना कळवायला हवं."

कारखान्यात एक तयार कपाट अडकलं होतं, पॉलिशसकट. मिस्त्रीनं ते स्वतःच करवतीनं मधोमध कापलं आणि जिन्याच्या कोपऱ्यातून दोन तुकड्यांत बाहेर काढलं. गिऱ्हाईकानं ते घेतलं नाही. अजून ते तुकडे पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभे आहेत. आता तो पाट, स्टुलं, देव्हारे करतो. दारातून जाईल तेवढंच.

भिंतीनं अंगणातलं पाणीही अडवलं. ते वाटेनं मागे वाहून जायचं, आता बाळच्या उंबऱ्याशी तुंबतं. त्याची चौकट फुगली, दार लागेना. दुसऱ्या सुतारांनी ते तासून तासून वाकडं केलं. परवा संध्याकाळी बाळ मिस्त्रीच्या अरुंद दाराशी आला. मी तिथेच स्टूल न्यायला गेलो होतो. आत वाकून बाळ म्हणाला, "काका, येऊ का?"

मिस्त्री पुढच्या खोलीतच रंधा मारत होता. तो थांबला. बायकोनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. घरात फारसं काम नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"विचारलंस ते बरं केलंस," मिस्त्री म्हणाला. "नाही."

बाळ उभाच राहिला. मिस्त्री पुन्हा रंधा मारू लागला.  मग बाळ दोन पावलं आत आला, कापलेल्या कपाटाच्या एका तुकड्याला टेकला आणि मजुरीचं बोलू लागला.